टकल्याच्या पाठीतली भेग

‘दगडासारखा गप्प काय बसलायस?’ असं तुम्ही एकमेकांवर खेकसता ना, तेव्हा मला हसू आवरत नाही. मी दगडच बोलतोय. आणि गप्प बसणं मला उभ्या जन्मात जमलेलं नाही.

तसा मी पायाला टोचणारा खडा नव्हे. चांगला दोन खोल्यांएवढा धोंडा होतो मी. वस्तीच्या वरच्या उतारावर पोट पुढं काढून बसलेला. डोक्यावर गवताची काडी नाही, म्हणून सगळे मला टकल्या म्हणायचे. ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर मोजून चार केस उरलेत तोही म्हणायचा. मी मनावर घेतलं नाही. मन असतं तर घेतलं असतं.

माझी जन्मतारीख विचारू नका, बायकांसारखी मीही ती सांगत नाही. एवढंच सांगतो की जन्मलो तो जमिनीच्या पोटात, पातळ आणि लालभडक. मग इतका सावकाश गार होत गेलो की तेवढ्या वेळात तुमच्या पणजोबांचे पणजोबा होऊन, म्हातारे होऊन, विसरूनही गेले असते. गार होताना माझ्यात तीन प्रकारचे कण तयार झाले. एक काचेसारखा चकाकणारा, एक गुलाबी, एक काळा. तीन सख्खे भाऊ म्हणा. एकमेकांना घट्ट धरून, एकाच घरात.

आता एकत्र कुटुंबाचं कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगावं? गारव्यात सगळे गोडीगुलाबीनं राहतात. ऊन तापलं की प्रत्येक जण आपापल्या मापानं फुगतो. चकाकणारा भाऊ सगळ्यांत जास्त फुगतो, उरलेले दोघे म्हणतात, ‘अरे, जरा सरक की!’ संध्याकाळ झाली की पुन्हा आक्रसतात, पण मघाच्या जागेवर काही कुणी नीट बसत नाही. रोज एक केसभर मन फाटतं. केसभरच. पण मला घाई नव्हती.

वर आलो त्याचीही गंमत. डोक्यावर मैलभर मातीदगडाचं ओझं होतं. ओढ्यांनी ते थोडं थोडं करून पळवलं. ओझं उतरलं की माणूस कसा ऐसपैस होतो, कमरेचा पट्टा सैल करतो? तसा मी सैलावलो, आणि माझ्या पाठीची सालं सुटायला लागली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, एकावर एक. तुमची साठीत सुटतात, माझी जरा आधी सुटली.

शिक्षणाचं म्हणाल तर मी अर्धशिक्षित. त्यात माझी चूक नाही, घंटेची आहे. हिवाळ्यात शाळेच्या बाई वर्ग उन्हात आणायच्या आणि मुलांना माझ्या कडेला बसवायच्या. एकदा म्हणाल्या, ‘लिहून घ्या. ऊन, थंडी आणि पाणी यांमुळे खडक फुटतात. या क्रियेला विदारण म्हणतात. विदारणाचा शेवटी परिणाम असा होतो की...’

आणि घंटा झाली! पोरं धूम पळाली. मी कान टवकारून दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली, तर बाईंनी थेट पुढचा धडा काढला, नद्यांचा. सांगा आता. जगात स्वतःविषयी एकच धडा, आणि त्याचा नेमका शेवट ऐकायचा राहिला.

बाकी माझा वेळ मजेत जायचा. दुपारी माझी पाठ तव्यासारखी तापते, पण पोटात गारवाच असतो. ऊब दगडात शिरते ती सरकारी कागदासारखी, एकेका टेबलावर थांबत. पाठ म्हणते, ‘मी फुगते.’ पोट म्हणतं, ‘मी नाही बुवा.’ संध्याकाळी उलट. पाठ थंडीनं आक्रसते, पोट अजून उबेत लोळत असतं. या ओढाताणीत कुठंतरी ‘टक्’ होतं. नेमकं त्या वेळी खालच्या वाटेनं कुणी एकटादुकटा जात असला की जी काही मौज येते! टपालवाला एकदा सायकलीसकट आडवा झाला आणि उठून मला म्हणाला, ‘माफ करा.’ कशाबद्दल, ते त्यालाही माहीत नव्हतं.

अशी टकटक करता करता माझ्या पाठीत भेग पडली. माझ्या पुढच्या, वस्तीकडच्या बाजूची एक मोठी जाड फळी माझ्यापासून सुटायला लागली होती. दोन बोटं रुंद भेग, वरपासून खालपर्यंत. तिचं मला फार कौतुक वाटलं असतं, पण त्या फळीच्या बरोबर खाली इस्त्रीची खोली होती.

आणि त्या खोलीत इस्त्रीवाली होती. हा सगळा घोळ तिच्यापायी आहे, तेव्हा तिची ओळख करून देतो.

बाई पन्नाशीकडं झुकलेली, हात सदा गरम, तोंड त्याहून. वस्तीतल्या सगळ्यांचे कपडे तिच्याकडं, त्यामुळं सगळ्यांची गुपितं तिच्याकडं. कुणाच्या खिशात काय राहतं ते तिला पाठ. तिचा एकच आजार: डाग दिसला की पुसायचा. दुसऱ्याच्या घरी गेली तरी बोलता बोलता तिथली खिडकी पुसून यायची. दुपारी ती वर यायची आणि ओल्या पांढऱ्या चादरी माझ्या तापलेल्या पाठीवर पसरायची. साऱ्या वस्तीत मला टकल्या न म्हणणारी ती एकटी. ‘दादा, जरा धर रे,’ म्हणायची, आणि चादरीच्या टोकावर खडा ठेवायची. दादा! मी काय धरणार? पण मी धरत होतो हो.

तिचे वडील पाथरवट. वय झालं, धाप लागते, छिन्नी खाली ठेवली, पण बोटाच्या पेराला विश्रांती नाही. समोर जे येईल ते वाजवून बघायचं. कलिंगड, माठ, दरवाजा, भिंत. म्हणून त्यांचं नाव ठकठक आबा. मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी होणाऱ्या जावयाच्या डोक्यावरही पेर वाजवलं आणि ‘आवाज भरीव आहे, चालेल,’ असं म्हणून होकार दिला, असं लोक सांगतात. जावई अजून म्हणतो, तसं काही झालं नव्हतं. पण सांगताना डोकं चोळतो.

हा जावई म्हणजे इस्त्रीवालीचा नवरा, गवंडी. सगळे त्याला जावईबापूच म्हणायचे, अगदी त्याच्या स्वतःच्या मित्रांपर्यंत. हात सोन्याचा. गिलावा असा करील की माशीला बसायला भीती वाटावी. पण भेग दिसली की याचा हात शिवशिवलाच. भिंतीतली चीर, दारातली फट, उंदराचं बीळ, सगळं बुजवायचा. शेजारच्या शिंप्याच्या दाराला टपाल टाकायची फट होती, तीही एकदा बुजवून आला. ‘वारा येत होता,’ म्हणाला. शिंप्याला दोन महिने कुणाचं पत्र नाही. बिचारा सगळ्या नातेवाइकांशी अबोला धरून बसला.

‘बाप फोडणारा, नवरा बुजवणारा,’ इस्त्रीवाली मला सांगायची, ‘आणि मधे मी धुणारी. दादा, तूच सांग, कसं व्हायचं?’

मला काय विचारतेस बाई, माझी फळी तुझ्या डोक्यावर टांगलीय!

माझी भेग सगळ्यांत आधी ठकठक आबांनी ओळखली. वर आले, धाप टाकत बसले, आणि माझ्या पोटावर पेर वाजवलं. एका जागी खणखणीत, दोन हात पुढं पोकळ. त्यांनी खाली जाऊन सांगितलं, ‘पोरी, खोली सोड. टकल्या सुटलाय.’

‘आणि जाऊ कुठं? गिऱ्हाईक घर शोधत येत नाही, बाबा. सवयीच्या जागी येतं.’

मग कचेरीतून एक साहेब आले. फीत लावून त्यांनी मला मापलं. शिंपीसुद्धा माप घेताना हात वर करा म्हणतो, यांनी तेवढंही विचारलं नाही. म्हणून मी वरून एक बारीक खडा त्यांच्या टोपीवर सोडला. साहेबांनी भेगेवर एक काचेची पट्टी आडवी बसवली. दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवलेली.

‘हे बघा,’ साहेब म्हणाले, ‘भेग हलली की काच तडकेल. काच तडकली की त्याच दिवशी खोली रिकामी करायची. ऐकताय ना? आणि काचेला कुणी हात लावायचा नाही.’

इस्त्रीवालीनं मान डोलावली. काच धड आहे तोवर खोलीत, काच तुटली की बाहेर. तिला हे पटलं. बापाच्या पेरावर तिचा भरवसा होता, पण काच डोळ्यांना दिसते.

साहेबांची पाठ वळली आणि दुसऱ्याच दिवशी जावईबापू घमेलं घेऊन हजर! भेगेत सिमेंटचा माल दाबून दाबून भरला. तीन घमेली. वरून थापीनं असं गुळगुळीत केलं की मलाच माझी भेग सापडेना.

‘अहो, साहेबांनी हात लावू नका म्हटलं होतं ना?’ इस्त्रीवाली खालून ओरडली.

‘काचेला म्हणाले. भेगेला नाही म्हणाले.’

आता इथं मला थोडं गंभीर व्हावं लागतंय. सवय नाही, सांभाळून घ्या. माझी भेग वरपर्यंत जात होती, आणि वरच्या मातीतलं पाणी तिच्यात झिरपत होतं. आधी ते खालून निघून जायचं. जावईबापूंनी खालचं दार लिंपलं. पाणी आत तुंबलं. मग कडाक्याची थंडी पडली, तुंबलेलं पाणी गोठलं. आणि गोठलेलं पाणी फुगतं! बाकीचं सारं जग थंडीनं अंग चोरून बसतं, हे एकटं शहाणं फुगतं. त्याला वर जायला बर्फाचं झाकण, खाली जायला सिमेंट. राहिलं काय? दोन्ही बाजूंना कोपरं मारणं. दुपारी वितळायचं, आणखी पाणी यायचं, पुन्हा गोठायचं, पुन्हा कोपर. माझी फळी रोज दोराभर पुढं सरकत होती.

थंडीच्या तिसऱ्या लाटेत काच तडकली. मधोमध, सरळ.

आणि पहिल्यांदा ती कुणाला दिसावी? जावईबापूंना! सकाळी आपलं काम न्याहाळायला आले होते. काचेत तडा. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता धावत खाली जातील, बायकोला हाताला धरून बाहेर काढतील. गेलेही धावत. आणि परत आले ते पुट्टी घेऊन.

हसू नका. मीही आधी हसलो होतो. त्या माणसानं काचेतला तडा पुट्टीनं भरला! बोटानं सारखा केला, वर जराशी धूळ फुंकली, चार पावलं मागं जाऊन मान तिरकी करून पाहिलं आणि समाधानानं खाली गेला. लबाडी म्हणाल तर नव्हे. तडा दिसला, बुजवला. हात आधी चालले, डोकं मागून येणार होतं, ते वाटेत कुठंतरी रमलं.

महिनाअखेरीला साहेब आले. चढ चढायचा कंटाळा, खालूनच मान उंचावून पाहिलं. ‘काच शाबूत,’ म्हणाले, वहीत लिहिलं आणि गेले. इस्त्रीवाली निर्धास्तपणे इस्त्री फिरवत राहिली. बरोबर माझ्याखाली.

तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपण जरा कमी फुटायला हवं होतं. पण दगडाला फुटता येतं, थांबता येत नाही. फार तर डाग पाडता येतो.

तेवढं मी केलं. सिमेंटच्या खालच्या कडेनं तांबूस पाणी पाझरायला लागलं होतं. एका दुपारी तिनं पसरलेल्या चादरीवर त्याचा हा एवढा ओघळ सोडला. पांढरीशुभ्र चादर, ती पण डॉक्टरीणबाईंची. इस्त्रीवालीनं ती पाहिली आणि मला पहिल्यांदा शिवी दिली. दादाचा एकदम मेल्या झाला.

पण डाग कुठून आला हे शोधल्याशिवाय ती बाई घरी जाणार थोडीच? ओघळ धरून ती वर आली. सिमेंटची कड ओली, तिथं बोट फिरवलं. मग नजर काचेवर गेली. काचेवर पांढरट डाग. डाग! पदराचं टोक ओलं करून तिनं घासायला सुरुवात केली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुट्टी पदरात आली आणि तडा डोळ्यांसमोर.

तिनं उतारावरूनच हाक मारली, ‘अहो! वर या! आधी वर या!’

जावईबापू आले. मागून धाप टाकत आबाही आले.

‘ही काच कधी तडकली?’

‘कुठली काच?’

‘या डोंगरावर किती काचा आहेत?’

‘अगं, पंधरा दिवसांपूर्वी जरासा तडा गेला होता. मी नीट केला.’

‘नीट केला? अहो, ती तुटावी म्हणूनच लावली होती! तुटणं हेच तिचं काम होतं!’

‘मग ते तिनं केलं की. केल्यावर दुरुस्त करायला काय हरकत?’

इस्त्रीवालीनं कपाळावर हात मारला. ‘पंधरा दिवस! पंधरा दिवस मी खाली बसून शर्टाच्या कॉलरी सरळ करतेय. वरून हा आला असता तर मीच सरळ झाले असते, चादरीसारखी.’

जावईबापूंचं डोकं तेव्हा कुठं पोचलं. चेहरा चुन्यासारखा झाला. ‘मी घट्ट बसवलं होतं गं,’ एवढंच म्हणाले. ‘तुझ्यावर पडू नये म्हणूनच तर बसवलं होतं.’

आबांनी सिमेंटवर पेर वाजवलं. मग जावयाच्या हातात छिन्नी दिली. ‘काढा, जावईबापू. तुम्हीच घातलंय, तुम्हीच काढा.’

आयुष्यभर भेगा बुजवलेल्या माणसाला भेग उघडायला लावणं म्हणजे सुगरणीला पानातलं उष्टं टाकायला लावण्यासारखं. तोंड फिरवून त्यांनी घाव घातला. खालचा लपका सुटला, आणि मी साठवून ठेवलेलं सगळं गार पाणी त्यांच्या बाहीतून काखेपर्यंत सोडलं. उड्या मारल्या हो त्यांनी! पाण्यामागून बर्फाची ढपली घरंगळली, मनगटाएवढी जाड.

‘बघा,’ आबा म्हणाले. ‘तुम्ही दाराला कडी घातलीत, पण चोर आतच होता.’

त्याच संध्याकाळी इस्त्रीवालीनं आपलं टेबल शिंप्याच्या ओसरीवर हलवलं. पण खोली तिथंच होती, फळी तिथंच होती, आणि थंडीचे दिवस अजून बरेच उरले होते. फळी सबंध खाली आली असती तर खोली भुईसपाट. आणि तिचं सगळं जग त्या खोलीत. कपाटं, पाण्याचा हौद, वीस वर्षांची गिऱ्हाइकं.

साहेबांना निरोप गेला. साहेब आले, तुटकी काच पाहिली, जावईबापूंकडं पाहिलं, आणि म्हणाले, ‘खडक काढायचा तर मला वरून लेखी यावं लागेल.’

‘साहेब,’ आबा म्हणाले, ‘येणार तर हा वरूनच आहे. पण लेखी नाही येणार.’

साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि टोपी घट्ट केली. ‘मी आठ दिवस दौऱ्यावर आहे,’ म्हणाले. ‘मागं काय होतं ते मला दिसत नाही.’ त्या माणसाविषयी माझं मत तेव्हा जरा सुधारलं.

आबांनी रात्रभर विचार केलेला दिसला. सकाळी त्यांनी माझ्या फळीवर खडूनं आडव्या तीन रेघा मारल्या. घाव घालून फोडायचं तर ठोक्यानं फळी सबंध सुटायची भीती. सुरुंग तर नावच नको. ‘आपण काही फोडायचं नाही,’ ते म्हणाले. ‘थंडीकडून फोडून घ्यायचं. तिला सवय आहे. फक्त रेघ आपली.’

हलक्या हातानं, गिरमिटासारखं फिरवत फिरवत, रेघेवर वीतभर अंतरानं भोकं पाडायची. भोकांत पाणी भरायचं. वरून तोंड असं बंद करायचं की बर्फाला बाहेर यायला केसाएवढी जागा मिळू नये. मग तो बाजूला ढकलेल, आणि खडक रेघेवर तुटेल. वरून एकेक ठोकळा सुटेल, तो दोरानं ओढून बाजूच्या घळीत सोडायचा.

‘तोंड बंद कोण करणार?’ शिंप्यानं विचारलं. तोही मदतीला आला होता. टपालाचं विसरून आला होता, हा त्याचा मोठेपणा.

सगळे जावईबापूंकडं बघायला लागले. ते मान खाली घालून दोर गुंडाळत होते. पुट्टीच्या प्रकारानंतर त्यांनी थापीला हात लावला नव्हता. भिंतीतली चीर दिसली तरी डोळे मिटून पुढं जायचे.

‘बुजवा, जावईबापू,’ आबा म्हणाले. ‘एवढी वर्षं मी तुम्हाला नको म्हणत आलो. आता म्हणतो, बुजवा. तुमच्याइतकं घट्ट या वस्तीत कुणाला बुजवता येत नाही.’

आणि काय बुजवलं त्यांनी! लाकडाची खुंटी तासून, ठोकून, कडेनं माल दाबून, असं एकेक भोक बंद केलं की मला श्वास घ्यायला होईना. पहाटे माझ्या पाठीत कडाकड सुरू झालं. सकाळी पाहतात तो वरची रेघ सुरीनं कापल्यासारखी उघडलेली. ठोकळा अलगद सुटला, दोराला लागला, घळीत गेला. दुसऱ्या सकाळी दुसरा. वस्तीतली माणसं समोरच्या बांधावर बसून बघायला लागली. शाळेच्या बाईही मुलांना घेऊन आल्या. मी म्हटलं, आता तरी तो धडा पुरा करतील. पण त्याही तोंड उघडं टाकून बघत होत्या.

राहिला तिसरा ठोकळा, सगळ्यांत खालचा. तिसऱ्या सकाळी रेघ अर्धीच उघडली. थंडी कमी पडली होती. आबा म्हणाले, ‘आज राहू द्या. संध्याकाळी परत पाणी भरू.’ दोर ढिले केले. लोक पांगले. ऊन चढायला लागलं.

आणि त्या दिवशी शिंपी नेमका बाहेरगावी निघाला होता, ओसरीला कुलूप. इस्त्रीवालीला एकच शर्ट द्यायचा होता. ‘दोन मिनिटांचं काम,’ म्हणून ती इस्त्री घेऊन जुन्या खोलीत शिरली, भुईवरच शर्ट केला, गिऱ्हाइकाला दिला, आणि नवऱ्याला चहा घेऊन वर आली. अर्धा पेला झाला आणि तिचा चेहरा बदलला.

‘अगंबाई! इस्त्री चालू राहिली वाटतं!’

ज्यानं कधी इस्त्री केलीय त्याला विचारा, हे वाक्य एकदा डोक्यात आलं की पायांना कुणी थांबवू शकत नाही. ती धावत खाली गेली. खोलीत शिरली.

त्याच वेळी माझी पाठ तापत होती. आतला बर्फ सुटत होता. इतका वेळ तो मला ढकलतही होता आणि धरूनही होता, गोंदासारखा. आता गोंद पातळ झाला. मला कळत होतं. मला सगळं कळत होतं. तुमची शपथ, मी तीन भावांना म्हटलं, एवढा एक घटकाभर एकमेकांना धरा रे! पण ते उन्हाचं ऐकत होते, माझं नाही. चकाकणारा फुगला. कुठंतरी खोल एक कण दुसऱ्यापासून सुटला.

आबांचा कान माझ्या अंगाला लागलेला होता. धाप लागली की ते तसेच टेकून बसायचे. ते ताडकन उठले आणि ओरडले, ‘सुटला! पोरगी आत आहे! जावईबापू, पळा!’

जावईबापूंनी विचार केला नाही. म्हटलं ना, त्यांचे हातपाय आधी चालतात. चहाचा पेला एकीकडं, आपण एकीकडं, उतारावरून घसरतच गेले. दारातून आत. मी ठोकळा सोडला. सोडला म्हणजे काय, सुटला. तो सावकाश निघाला, मग सावकाश राहिला नाही. मागच्या भिंतीला लागला आणि भिंतीसकट आत शिरून टेबलाच्या जुन्या जागेवर बसला.

धूळच धूळ.

मग पुढच्या दारातून दोघं बाहेर आली. जावईबापूंनी बायकोला काखोटीला मारलं होतं, आणि बायकोच्या हातात इस्त्री होती. तारेसकट.

‘बंदच होती हो,’ ती म्हणाली. ‘मी उगाच घाबरले.’

जावईबापू तिथंच मटकन बसले आणि रडायला लागले. ती त्यांच्या तोंडावरची धूळ पुसायला लागली. पुसता पुसता तिलाही रडू फुटलं. आबा वरून विचारत होते, ‘काय झालं? कुणीतरी बोला की रे!’

मागची भिंत गेली, पण खोली राहिली. महिन्याभरात भिंतही उभी राहिली. वस्तीत मात्र भांडण अजून संपलेलं नाही. आबा म्हणतात, माझी रेघ होती म्हणून सबंध फळी न येता एकच ठोकळा आला. जावईबापू म्हणतात, मी घट्ट बुजवलं म्हणून रेघ तुटली. साहेबांच्या अहवालात लिहिलंय, काचेच्या पट्टीमुळं धोका वेळीच ध्यानात आला. आणि इस्त्रीवाली सगळ्यांना सांगते, ‘दादानं आवाज दिला. तो बोलला म्हणून बाबांना कळलं.’

ती असं म्हणते तेव्हा मी गप्प बसतो. कधी नव्हे ते. कारण खरं सांगू? मी आवाज दिला नाही. मला देता येत नाही. कण सुटला, आवाज झाला, एवढंच. त्या सकाळी मी तिला वाचवलं नाही आणि मारलंही नाही. मी फक्त तापलो. बाकी सगळं माणसांनी केलं, चुका धरून. पण तिच्या तोंडून ‘दादा’ ऐकलं की खोटं मोठेपण घ्यायचा मोह मला आवरत नाही. इतकी वर्षं उन्हात काढलीत, एवढं चालायचंच.

आता मी असा पसरलोय. निम्मा उतारावर आहे, वरून ओबडधोबड. उरलेल्या एका फटीत एक झुडूप शिरलंय, त्याची मुळं मला गुदगुल्या करतात. दोन ठोकळे घळीत लोळतायत. जो खोलीत शिरला होता, त्याची बारीक फोड करून नव्या भिंतीच्या पायात घातली. काही भाग चुरा होऊन पावसाबरोबर खाली गेला, त्यात कुणाचे तरी दोडके लागलेत म्हणे. एवढ्या ठिकाणी एकाच वेळी पडून राहणं हे तुम्हाला जमणार नाही.

जाता जाता एक विनंती, म्हाताऱ्याची म्हणून ऐका. दगडात भेग दिसली तर घाबरू नका आणि घाईनं लिंपूही नका. आत पाणी आहे का, ते कुठं जातंय, एवढं आधी बघा. जाऊ द्या त्याला. मग हवं तर आम्हाला फोडा. आम्ही रागावत नाही, आम्ही मोठे झालोय तेच फुटण्यासाठी.

चला, निघा आता. ऊन कललं, माझी गार व्हायची वेळ झाली. आणि गार होताना अंग कुठं कुठं सुटतं, काय काय वाजतं, ते परक्या माणसासमोर बरं दिसत नाही.